आभाराच्या फ्लेक्सवरचे नऊ साक्षीदार

ती घटना मी विसरावी असं बऱ्याच जणांना वाटतं. दोघांनी तर तसं तोंडावर सांगून पाहिलं. म्हणूनच लिहितोय. नाव कुणाचंच देणार नाही. ज्याची सुटका झाली त्याला अजून याच शहरात नोकरी करायची आहे, आणि ज्यांची फजिती झाली ते वाचताना स्वतःला बरोबर ओळखतील.

महापालिका निवडणुकीच्या निकालाचा दिवस होता. मिरा-भाईंदरमधल्या हायवेलगतच्या एका पोलीस ठाण्यात मी निरीक्षक होतो, निवृत्तीला दोन महिने राहिलेले. सकाळपासून मतमोजणी केंद्राच्या गेटवर माझा बंदोबस्त. आत जाणाऱ्या प्रत्येक पक्षप्रतिनिधीचा मोबाईल जमा करायचा, टोकन द्यायचं, रजिस्टरवर सही घ्यायची. बाहेर पडताना पुन्हा सही आणि वेळ. काम सोपं, पण डोकं उठवणारं. सोनेरी काड्यांचा चष्मा लावलेला एक जाडजूड गृहस्थ फोन द्यायलाच तयार होईना. "साहेब, मी काय ऐरागैरा नाही, पार्टीचा पदाधिकारी आहे," म्हणाला. मी म्हटलं, "आत पदाधिकारी जाईल, फोन इथंच राहील." तणतणत आत गेला.

बारा वाजेपर्यंत चित्र स्पष्ट झालं. सत्ताधारी पक्षाने झाडून सगळं नेलं होतं. विरोधकांच्या जागा एका हाताच्या बोटांवर मोजाव्यात, एवढ्याच. शेवटच्या फेऱ्या बाकी होत्या, तरी बाहेर गुलाल उधळायला सुरुवात झाली आणि मिरवणूक काशीमीऱ्याहून काशीगावात शिरली.

पाचच्या सुमारास मी ठाण्यात परतलो, तर अंगणभर गुलाल. ठाणे अंमलदाराने फिर्याद पुढे केली. विजयी मिरवणुकीवर दीड वाजता एका इमारतीच्या गच्चीवरून वीट फेकली, त्यात एका कार्यकर्त्याचं कपाळ फुटलं, सहा टाके पडले. कलम खुनाच्या प्रयत्नाचं. आरोपीला कार्यकर्त्यांनीच घरातून ओढत आणलं होतं आणि तीन वाजता अटकही दाखवून झाली होती. सोबत नऊ प्रत्यक्षदर्शी साक्षीदारांची यादी, टाइप केलेली. तपास माझ्याकडे आला.

आरोपी म्हणजे महापालिकेचा चावीवाला, ठरल्या वेळी पाण्याचे व्हॉल्व्ह सोडणारा आणि बंद करणारा कर्मचारी. नांदेडकडचं बौद्ध कुटुंब, काशीगावात दुसऱ्या मजल्यावर भाड्याची खोली. चाळिशीचा सडसडीत माणूस. शर्टाची बाही फाटलेली, ओठ सुजलेला.

"वीट का फेकली?"

"साहेब, मी झोपेत होतो हो. पहाटे चारची ड्युटी करून आलेला माणूस मी. दार धडधडलं, उघडलं, तर कॉलरच धरली."

"तुलाच का धरलं?"

तो गप्प. पंचवीस-तीस वर्षं आरोपी पाहिल्यावर एक कळतं. खोटं बोलणारा गप्प बसत नाही, तो भराभर बोलतो. मी पाणी दिलं, थांबलो.

"मतदानाच्या आधी याच पक्षाचे लोक आले, शांती नगरातल्या काही सोसायट्यांना अर्धा तास जास्त पाणी सोड म्हणाले. मी म्हटलं, लेखी आणा. तिकडं जास्त सोडलं तर टोकाच्या चाळीला थेंब जात नाही. तेव्हाच सांगितलं होतं त्यांनी, निकाल लागू दे, मग बघतो तुला."

बाहेर बाकावर त्याची बायको बसली होती. रडत नव्हती, उलट मलाच तपासत होती. "साहेब, अठ्ठेचाळीस तास आत राहिला तर सस्पेंड होतो म्हणतात. खरं का?"

"खरं आहे," मी म्हटलं. सरकारी माणूस अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला की निलंबन आपोआप. आणि या कलमाखाली उद्या अकराला कोर्टात उभा केला की चार दिवसांची कोठडी ठरलेलीच.

"मग उद्या अकराच्या आत काय ते करा. एका पगारावर पाच तोंडं हायेत आमची. अन् त्यानं काही केलेलं नाही, हे तुमालाबी दिसतंय."

बाईचं बोलणं झोंबलं, कारण खरंच दिसत होतं.

उजेड होता तोवर घटनास्थळी गेलो. गच्चीला कुलूप, त्यावर गंज चढलेला. रस्त्यावर विटेचा एक तुकडा नाही. कोपऱ्यावर एक कोळीण मासे विकायला बसते, गेली कित्येक वर्षं तीच जागा. मी टोपलीसमोर उकिडवा बसलो आणि विचारलं, "मावशी, वीट कुठून आली?"

"कसली वीट?" तिने कोयतीवरचा बोंबील बाजूला सारला. "वीट न्हाय नि दगड न्हाय. तो मोठा हार हाय ना, क्रेनला टांगलेला? नाचता नाचता क्रेन हलली, नि हाराची लोखंडी रिंग बसली त्याच्या कपाळात. म्या डोल्यांनी बघितलं."

"मग हे आधी कुणाला सांगितलं नाहीस?"

"इचारलं कोनी? तुमचे पोलीस आले, त्यांच्यासंगं चाय पिऊन गेले."

लाज वाटली. आमच्या पोलिसांचीही आणि माझीही. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, जखम आडवी आहे, कडेला गंज होता, म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. विटेला कुठला गंज?

पण एका कोळणीच्या शब्दासमोर नऊ साक्षीदार उभे होते. यादी खिशात घेऊन नाक्यावर आलो, तर मतदारांच्या जाहीर आभाराचा भला थोरला फ्लेक्स चढवणं चाललं होतं. त्यावर पुढाऱ्यांच्या खाली नऊ फोटो, नऊ नावं. सहज पहिलं नाव वाचलं. दुसरं वाचलं. तिसऱ्याला यादी बाहेर काढली. अहो, तीच नावं, त्याच क्रमाने! आधी शहराचे पदाधिकारी, मग प्रभागाचे, मग महिला आघाडी, मग युवक. घटना कुणी पाहिली याचा विचारच नव्हता. कुणाचं नाव राहून तो रुसायला नको, म्हणून फ्लेक्सचीच यादी साक्षीदारांची म्हणून दिली होती. एवढा मोठा विजय झाला की श्रेय घ्यायला सगळेच हजर. साक्षीदार व्हायलासुद्धा मानाचा क्रम!

आणि पाचवा फोटो पाहून मी तिथेच हसलो. सोनेरी काड्यांचा चष्मा. सकाळी फोन जमा करण्यावरून माझ्याशी भांडलेला तोच!

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला त्याला जबाबासाठी बोलावलं. चहा मागवला, लेखनिक बसवला. स्वारी खुशीत होती. वीट कशी आली, आरोपी गच्चीवर कसा हात हलवत उभा होता, सगळं रंगवून सांगितलं.

"किती वाजता?"

"दीड. एक्झॅक्ट दीड. मी त्याच्या बाजूलाच होतो ना, साहेब."

प्रत्येक वाक्य शब्दशः लिहून घेतलं. मग म्हटलं, "बाकी काल तुमची दमछाक झाली असेल. मोजणीला लोक कंटाळून मध्येच निघून जातात."

तो फुलला. "मी नाही हां. शेवटच्या राउंडपर्यंत टेबल सोडलं नाही. बाकीचे सगळे नाचायला गेले, पण आपण चार वाजता फायनल शीटवर सही करूनच उठलो. ही जीत अशीच नाही मिळत, साहेब."

लेखनिकाने मान वर केली. मी मोबाईल-टोकनच्या रजिस्टरची प्रत टेबलावर ठेवली. आत नऊ वाजता, बाहेर चार वाजून दहा मिनिटांनी, खाली त्याचीच झोकदार सही. त्याचा हात कपावरून मागे आला.

"माझं नाव त्यात कुणी टाकलं मला माहीत नाही," तो पुटपुटला. "मला फक्त सांगितलं, एक सही पाहिजे."

त्यानंतर फार वेळ लागला नाही. कपाळाला पट्टी बांधलेला कार्यकर्ता मागच्या खोलीत होता. त्याला म्हटलं, नऊपैकी एक कोसळला, उरलेल्यांचीही अशीच रांग लावतो, तुझं काय? तो चोवीस-पंचवीस वर्षांचा, टाके ठणकत होते. घळाघळा रडायला लागला. "हारच लागला साहेब. पण आपल्याच हाराने डोकं फुटलं म्हटलं तर हसतील ना लोक. ते बोलले, तू फक्त हो म्हण, बाकी आम्ही बघतो."

साडेदहाला वरिष्ठांचा फोन आला. आरोपीला सोडायचा माझा निर्णय त्यांच्यापर्यंत पोहोचला होता. "कालचा निकाल बघितला ना तुम्ही? सगळं शहर त्यांच्याकडे गेलंय. कोर्टात हजर करा, पुढचं कोर्ट बघेल."

"निकाल बघितला, सर. गेटवरच उभा होतो मी," मी म्हटलं. "आरोपीविरुद्ध पुरावा नाही. बाँडवर सोडतोय. कारण स्टेशन डायरीत लिहिलंय, हाराच्या रिंगेसकट."

"दोन महिने राहिलेत तुमचे. शांतपणे काढायचे होते."

"तेवढ्यासाठी त्याची वीस वर्षांची नोकरी घालवू का?"

फोन ठेवला गेला. अकराला दहा कमी असताना चावीवाला बायकोबरोबर ठाण्याबाहेर पडला. त्याने हात जोडले, तिने जोडले नाहीत. "काल पहिल्यांदा फिर्याद घेतली तेव्हाच आमच्या गल्लीत कुणाला विचारलं असतं तर?" एवढंच बोलून ती गेली. माझ्या कारकिर्दीतल्या कुठल्याही प्रशस्तिपत्रापेक्षा तो प्रश्न जास्त खरा होता. मी आजही पोलीस भरतीच्या मुलांना तोच सांगतो. फिर्याद कुणी आणली हे बघू नका. कोपऱ्यावर रोज कोण बसतं, त्याला आधी विचारा.

पुढे अंतिम अहवालात 'गैरसमजातून घडले' असं लिहा, म्हणून बरीच मनधरणी झाली. मी खोटी फिर्याद असंच लिहिलं. आठवड्याभरात माझी नियंत्रण कक्षात बदली झाली आणि उरलेले दिवस मी वायरलेसचे संदेश ऐकत काढले. खंत नाही. निरोप समारंभात त्याच वरिष्ठांनी खांद्यावर हात ठेवून विचारलं, "एवढा हट्ट कशाला केलात हो? लोकांनीच त्यांना निवडून दिलं होतं."

तेव्हा दिलेलं उत्तर आज पुन्हा देतो. दिलं होतं, सर. पाच वर्षांसाठी शहर दिलं होतं. त्या माणसाचे अठ्ठेचाळीस तास कुणीही त्यांना दिले नव्हते.