लहानूभाऊचा डबा आणि अकरा ओळी

चामोर्शीत बस स्टँडच्या मागच्या गल्लीत दोन दुकानं एकमेकांना खेटून उभी आहेत. एक माझं, भांड्यांचं. दुसरं लहानू मेश्रामचं, टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं. मधली भिंत अशी पातळ की तिकडे स्क्रू पडला तर इकडे ऐकू येतो. त्यामुळे मी जे सांगतो आहे ते ऐकीव नाही, भिंतीतून थेट आलेलं आहे. आणि जिथे भिंत कमी पडली तिथे मी स्वतः उठून गेलो आहे.

लहानूभाऊ सज्जन माणूस. इतका सज्जन की त्याची चेष्टा केली नाही तर दिवस वाया गेल्यासारखा वाटतो. त्याने आयुष्यात दोनच गोष्टी स्वतःच्या डोक्याने केल्या. एक, सत्यशीलाबाईंशी लग्न. त्या अंगणवाडी चालवतात आणि घरात लहानूभाऊलाही. दुसरी गोष्ट म्हणजे तो डबा.

डबा माझ्याच दुकानातला, पोळ्या ठेवायचा, प्लॅस्टिकचा. आत काड्यापेटीएवढी एक हिरवी पाटी आणि तिच्यावर नखाएवढी चिप. मागून वायर जुन्या टीव्हीला, पुढून वायर कीबोर्डला. झाला कॉम्प्युटर. बटण दाबलं की पापणी लवायच्या आत काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत 'बोला' असं यायचं. चित्र नाही, आवाज नाही, इंटरनेट तर नाहीच. आपण बेसिक नावाच्या सोप्या भाषेत काय सांगायचं ते सांगायचं आणि डब्याने तेवढं करायचं.

तेरा वर्षांपूर्वी हा डबा नंदिनीसाठी झाला. नंदिनी म्हणजे त्यांची एकुलती एक. तेव्हा अकराची होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुकानात बसायची आणि बापाला पिडायची. "बाबा, टीव्हीच आपल्याले सांगत राह्यते. आपण टीव्हीले काऊन नाई सांगू शकत?" बापाने दीड महिना खपून उत्तर दिलं. मग त्या पोरीने डब्यावर मोहफुलाचा खेळ लिहिला. वरून मोहफूल पडतं, खाली टोपली इकडे-तिकडे सरकवून ते झेलायचं, आणि मधेच अस्वल येऊन टोपली पालथी करतं. फूल म्हणजे ओ हे अक्षर, टोपली म्हणजे यू. एकशे बारा ओळी. ती टाइप करायची, लहानूभाऊ स्टुलावर शेजारी बसून वहीतून वाचून दाखवायचा. भिंतीतून दोघांचं भांडण यायचं, मग हसणं, मग परत भांडण. माझं गिऱ्हाईक विचारायचं, "तिकडे काय चालू आहे जी?" मी सांगायचो, "बापलेक अस्वल मारून राह्यले."

मग पोरगी बारावीला गडचिरोलीला गेली, तिथून नागपूरला इंजिनिअरिंगला, तिथून बंगळूरला नोकरीला. कपडे धुवायच्या मशीनमध्ये जी चिप असते तिला शहाणपण शिकवायचं काम करते म्हणे. फोन दर रविवारी अकरा वाजता. चार मिनिटं. जेवले काय, हो जेवलो, आई कशी आहे, बरी आहे, बाबा मीटिंग आहे, ठेवते. रविवारी कसली मीटिंग असते हे मी एकदा विचारलं होतं. लहानूभाऊ दोन दिवस बोलला नाही.

तर दोन वर्षांपूर्वी अशाच एका फोनवर ती सहज बोलून गेली, "बाबा, त्या डब्याले रंग असते तर मजा आली असती." बस. लहानूभाऊने ते वाक्य उचललं. महिन्याभरात डब्यात रंग आले. फोटो पाठवला. तिकडून अंगठा आला, व्हॉट्सअॅपवरचा, पिवळा.

अंगठा आला म्हणजे पोरीला आवडलं. आवडलं म्हणजे आणखी पाहिजे. आणखी झालं म्हणजे ती येऊन पुन्हा डब्यासमोर बसेल, आणि आपण शेजारी स्टुलावर. एवढा साधा हिशोब होता त्याचा. तो त्याने तोंडाने कधी सांगितला नाही, पण स्टूल तेवढं रोज पुसायचा. मग आवाज आला. मग चालू करताना वाजणारी धून. प्रत्येक वेळी फोटो, प्रत्येक वेळी अंगठा.

यात गल्लीनेही हात धुऊन घेतले. बाजारात भाजी विकणाऱ्या सुकरीबाईंना त्यात एसटीचं वेळापत्रक पाहिजे होतं. पलीकडच्या सलूनवाल्याला वाघाची खबर आली की वाजणारा भोंगा पाहिजे होता. आणि खोटं कशाला बोलू, चहा पिता पिता लोकांना "सांगा ना लहानूभाऊले, तो नाई म्हणत नाई" असं सुचवणारा मीच. आमच्या झाडीपट्टीत नाटक बसवायची हीच रीत आहे. कथा कितीही रडकी असो, त्यात लावणी पाहिजे, एक येडपट नोकर पाहिजे, पाहुण्यांच्या सत्काराला वेळ पाहिजे. कोणालाही नाही म्हणायचं नाही, नाटक उजाडेपर्यंत चाललं तरी चालेल. लहानूभाऊने डब्याचं तेच केलं. फक्त नाटकाला अख्खी रात्र मिळते, डब्याचं पोट नखाएवढं.

एकच गोष्ट खरी कामाची झाली होती. सत्यशीलाबाईंसाठी त्याने डब्यात मराठी अक्षरं घातली, जोडाक्षरांसकट. दर शनिवारी त्या डबा अंगणवाडीत नेतात आणि एकेका लेकराचं नाव टीव्हीवर भलंमोठं लिहितात. सोमारी नावाची एक गोंडाची पोर आपलं नाव पाहून पडद्याला हात लावून आली, तेव्हापासून अंगणवाडीत शनिवारी गैरहजेरी नाही.

या नोव्हेंबरात नंदिनीला हैदराबादला काम निघालं. तिथून सिरोंच्यावरून ती दोन दिवस घरी येणार होती. लहानूभाऊने आठ दिवस आधी दुकान झाडलं.

"भाऊ, पोरगी येऊन राह्यली का राष्ट्रपती?" मी विचारलं.

"तुमाले काय समजते, हरिदासभाऊ. तुमच्या टोपात काही नवीन घालता येते काय?"

पोरगी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दुकानात आली, स्वतः खुर्ची ओढून डब्यासमोर बसली. लहानूभाऊ स्टुलावर बसला. मी परातीला फडकं मारत दारात उभा. मला तेव्हा परात पुसायची फार निकड होती.

बटण दाबलं. धून सुरू झाली. मोहाच्या झाडाचं रंगीत चित्र एकेक पट्टी करत उतरू लागलं. मग 'सुस्वागतम'. मग भाषा कोणती? मग तुमचं नाव काय? मग एकोणीस गोष्टींची यादी. हे सगळं होईतो पाऊण मिनिट. आणि त्या पाऊण मिनिटात नंदिनीचा मोबाईल थरथरला. तिने पाहिलं, उत्तर लिहिलं, परत थरथरला. पूर्वी डबा पोरीला मान वर करायला वेळ देत नव्हता. आता त्याने तिला मोबाईल बघायला फुरसत दिली होती.

तरी बिचारी हौसेने वही घेऊन आली होती. सत्यशीलाबाईंनी जपून ठेवलेली चौकटीची वही. मोहफुलाचा खेळ टाइप करू लागली. लहानूभाऊ वाचू लागला. माझं परातीवरचं फडकं थांबलं, खोटं नाही. तिसाव्या ओळीला अस्वल यायचं, आणि पन्नासाव्या ओळीला डब्याने सांगितलं, 'जागा संपली'.

"बाबा, हा खेळ तर याच डब्यावर लिहिला होता."

"हो."

"मग जागा कुठी गेली?"

लहानूभाऊ वहीची पानं चाळू लागला. मीच म्हणालो, "सुकरीबाईच्या एसटीत बसून गेली."

ती हसली. "पहिलेचं सॉफ्टवेअर ठेवलं असन ना तुम्ही? तेच परत घालू."

आणि इथे आमच्या लहानूभाऊची खरी चूक उघडी पडली. दुरुस्तीवाल्याचा स्वभाव. नवा पार्ट बसला की जुना फेकायचा. तसं प्रत्येक वेळी त्याने नवीन लिहिताना जुनं पुसलं होतं. तेरा वर्षांपूर्वीचा डबा आता जगात कुठेच नव्हता.

"बरं, जाऊ द्या बाबा," नंदिनी म्हणाली आणि मोबाईल कानाला लावून बाहेर गेली. लहानूभाऊ पडद्याकडे बघत बसला. मला एक टोमणा सुचला होता. मी तो गिळला. आजही पचलेला नाही.

दुपारी भिंतीतून कीबोर्डचा आवाज यायला लागला. गेलो तर लहानूभाऊ कापाकापी करत होता. भोंगा गेला. वेळापत्रक गेलं. झाडाचं चित्र, सुस्वागतम, रंग, सगळं गेलं. धून तेवढी ठेवली, ती त्याने स्वतः बसवली होती. मग त्याचं बोट मराठी अक्षरांवर आलं. सगळ्यात जास्त जागा तीच खात होती. तेवढ्यात मागून आवाज आला.

"ते नाई काढाचं." नंदिनी होती.

"बेटा, ते काढलं तर तुहा खेळ आरामात बसते."

"आईच्या लेकरांचं नाव काढून माहं अस्वल नाचवाचं काय? सरका तिकडे." तिने खुर्ची ओढली. "डब्यातून नाई, खेळातून कापू. अकराव्या वर्षी काय काय घालून ठेवलं मी. दोन टोपल्या कशाले पाह्यजे?"

"तूच म्हणाली होती, एक माही, एक बाबाची."

"मग आता एकच. दोघं मिळून."

"वीज चमकते ते?"

"काढा."

"अस्वल?"

"अस्वलाले हात लावाल तर पाहा!"

तीन तास. भांडण, मग हसणं, मग परत भांडण. मोबाईल पाचदा थरथरला. मी मोजत होतो. तिने तो उलटा करून ठेवला. एकशे बाराच्या नव्वद ओळी झाल्या आणि तरी डबा म्हणे जागा नाही. अजून अकरा ओळी जास्त होत होत्या. चारची बस होती. तिने वहीच्या पानांचे फोटो काढले. "रविवारी फोनवर पाहू बाबा," म्हणाली आणि बसमध्ये चढली. लहानूभाऊ बस आष्टीच्या वळणाला दिसेनाशी झाली तरी उभा. मी म्हटलं, "चला भाऊ, बस परत नाई येणार." तो आला, पण मी त्याला चार पावलं पुढे राहू दिलं.

गुरुवारी त्याने धून काढली. आणि खेळ बसला. सगळा. बटण दाबलं की लगेच 'बोला', तेरा वर्षांपूर्वीसारखं. मी खेळून पाहिला. चौथ्या फुलाला अस्वलाने माझी टोपली पालथी केली.

"भाऊ, लावा ना पोरीले फोन!"

"रविवारी येते ना तिचा," तो म्हणाला.

रविवारी पावणेअकराला मी काही तरी निमित्त काढून गेलो. पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा नवा दिसला, आणि तो कमी होत होता. पंधरा. चौदा.

"हे काय जी?"

लहानूभाऊ कान लाल करून म्हणाला, "असंच. घड्याळ आहे. रविवारचे अकरा वाजाले किती वेळ उरला ते सांगते."

"खेळ लावा पाहू."

त्याने लावला. डब्याने सांगितलं, जागा संपली.

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. दोन वर्षं सगळ्या गल्लीची हौस पुरवणारा माणूस. सगळं काढून झाल्यावर त्याने स्वतःसाठी एक वस्तू घातली होती, आणि तीही पुन्हा काढावी लागेल अशी.

फोन आला. त्याने स्पीकर लावला.

"बाबा, बसला काय खेळ?"

"नाई बेटा. अकरा ओळी जास्तच होऊन राह्यल्या."

"अजूनही? नवीन काही घातलं काय तुम्ही?"

"लहानसं घड्याळ घातलं."

"मग घड्याळ काढा ना."

"ते नाई काढत."

 या पोरीचं पोट चिपांवर भरतं. कुठल्या घड्याळाला किती जागा लागते हे तिला बापापेक्षा जास्त कळत असणार. गुरुवारी खेळ बसला होता हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. रविवारची सुट्टी म्हणून दुकानात आलेल्या सत्यशीलाबाईंनी अशी एक नजर टाकली की मी शेजारचा रेडिओ न्याहाळू लागलो. ही गोष्ट मी आजवर गल्लीत एकाही माणसाला सांगितलेली नाही. लिहिली आहे, ते वेगळं.

"बरं," नंदिनी म्हणाली. "वही उघडा. चाळीसाव्या ओळीपासून वाचा. सावकाश वाचा बाबा, आज मीटिंग नाई."

लहानूभाऊने चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली.