शेष

आमच्या बेहाला भागातल्या बंगाली कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याचा एक शब्द माझ्या सासऱ्यांनी चुकीचा समजून घेतला आणि मी तो तसाच राहू दिला. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

सासूबाई गेल्यावर सासरे नागपूरहून आमच्याकडे राहायला आले. त्याच सुमारास घरातला कॉम्प्युटर बिघडत गेला. सुरू केला की आंघोळ करून यावं, तरी पडद्यावर ते गोल चक्र फिरतंच आहे. मग काळा पडदा आणि डिस्क तपासायची सूचना. ऑफिसची घाई असायची, मी कुठलंतरी बटण दाबून ती तपासणी टाळायचो. एका रविवारी ती पूर्ण होऊ दिली, तर डिस्कवर खराब जागा निघाल्या. चालू असताना अचानक वीज गेली की असं होतं, असं वाचलं. बस, मला गुन्हेगार सापडला.

"बाबा, तुम्ही कॉम्प्युटर थेट भिंतीवरच्या बटणाने बंद करता का?"

"जावईबापू, बँकेत कॉम्प्युटर आले तेव्हापासून मी ते रीतसर बंद करतोय. तुम्ही तेव्हा शाळेत डबा खात होता."

बायको हसली. मला ते लागलं. मी त्यांच्यावर नजर ठेवू लागलो. दुपारी ते दार लोटून काय करतात? एकदा डोकं दुखतंय म्हणून ऑफिसातून लवकर निघालो आणि चपला हातात घेऊन आत आलो. ते हेडफोन लावून बसले होते. मला पाहताच त्यांनी पडद्यावरचं घाईने बंद केलं.

"काही नाही, भजन ऐकत होतो."

भजन ऐकणारा माणूस असा दचकतो? मी मनात काय काय रचलं, ते इथेही लिहवत नाही.

खरं काय ते एका सकाळी कळलं. रिकाम्या खोलीत बटण चालू दिसलं की माझा हात आपोआप तिकडे जातो, लहानपणापासूनची सवय. ऑफिसला निघताना घरभर फिरून मी सगळे बोर्ड बंद करायचो. त्या दिवशीही पडदा काळा होता. मी बटण दाबलं आणि खोलीतली घरघर थांबली. ती चालू होती, हे मला ती थांबल्यावर कळलं. कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावलेला होता.

सासरे फिरून आले, खुर्चीवर बसले.

"आजही मध्येच बंद पडला," ते म्हणाले. "तिचा आवाज आहे हो यात. पुरणाचं प्रमाण सांगताना, दूधवाल्याशी भांडताना. जुन्या फोनमधून इथे घेतला आणि फोन देऊन टाकला. रोज सकाळी कॉपीला लावून फिरायला जातो. तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याने बिघडवला, म्हणून बोललो नाही."

त्यानंतर कॉम्प्युटर सुरूच झाला नाही. डिस्क काढून दुरुस्तीला दिली.

चार दिवसांनी दुरुस्तीवाल्याचा फोन आला. बायको घरात नव्हती. सासरे जवळ सरकले, म्हणून मी स्पीकर लावला. "दादा, ओटा शेष. पुरो शेष," एवढं म्हणून त्याने फोन ठेवला.

सासऱ्यांनी माझा दंड धरला. "शेष म्हणाला ना? पुरं शेष! म्हणजे सगळं शिल्लक आहे!"

बंगालीत ओटा म्हणजे ते, आणि शेष म्हणजे संपलं. इतकी वर्षं बस कंडक्टरपासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडून मी तो शब्द ऐकला आहे. सासऱ्यांना मात्र मराठी आणि हिंदी एवढंच येतं.

"हो, बाबा," मी म्हणालो.

ती डिस्क आता त्यांच्या कपाटात पांढऱ्या रुमालात गुंडाळून ठेवली आहे. नागपूरला गेलो की चांगल्या माणसाकडून आवाज काढून घेऊ, असं ते म्हणतात. हल्ली मी निघताना ते माझ्याकडे बघत राहतात. त्यांना कळलंय का, की मलाच आता प्रत्येक नजरेत संशय दिसतो, ठाऊक नाही.

रोज सकाळी बटण मी बंद करत होतो, आणि शेष म्हणजे संपलं. ही दोन वाक्यं मी अजून त्यांना देणं लागतो.