गुरवांचा अँप मी नीट केला

गुरवांनी तार ओढली, सूर वर चढवला आणि थांबले. पुन्हा तोच सूर घेतला. पुन्हा थांबले. मग गिटार मांडीवर आडवी ठेवून माझ्या टेबलावरच्या अँपकडे, म्हणजे गिटारच्या अँप्लिफायरकडे, बघत बसले.

"सुर्वेभाऊ," ते म्हणाले, "ह्यो माजा आवाज नाय."

मी हसलो. छत्तीस वर्षं रत्नागिरीत रेडिओ, टेप, टीव्ही आणि अँप दुरुस्त करतोय. नीट झालेलं मशीन गिऱ्हाइकाला आधी परकंच वाटतं. खरखर गेली की लोकांना चुकल्या-चुकल्यासारखं होतं, दोन दिवसांत कान सरावतात. तसं मी त्यांना सांगितलं.

"दोन दिवस कुटं हायत? उद्या सकाळी ती मानसं येनार."

बुधवारची दुपार होती. तेव्हाही मला वाटत होतं की गुरव उगाच घाबरलेत.

शांताराम गुरव लांज्याच्या आतल्या एका गावचे. घरात देवळातली सनई पिढीजात. हे मात्र अठराव्या वर्षी मुंबईला गेले आणि त्यांनी गिटार धरली. चाळीस वर्षं ऑर्केस्ट्रात, हॉटेलांत, कुणाकुणाच्या मागे बसून वाजवलं. पोस्टरवर नाव एकदाही आलं नाही. पोटासाठी काहीही वाजवायचे, पण जीव ब्लूजवर. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या कष्टकऱ्यांचं गाणं. कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सुरांचे झुबके, तीनच, चौकट ठरलेली, त्यामुळे वाजवणाऱ्याला लपायला जागा नाही. तार बोटाने ओढून सूर वर न्यायचा, आपल्या मींडेसारखा, आणि तो कुठे सोडायचा यावर सगळा खेळ. गुरवांचा सूर वर चढला की क्षणभर बसायचा आणि मग सावकाश भरून यायचा. रडून झाल्यावर माणूस श्वास घेतो, तसा. मला ब्लूजमधलं फार कळत नाही, पण तो सूर ऐकला की माझ्या हातातलं काम थांबायचं.

गावी परतल्यावर ते दर शनिवारी एस.टी.ने रत्नागिरीला यायचे आणि माझ्या दुकानात बसायचे. दाऊदभाईही यायचे. ते मूळचे दाभोळचे, बोटीवर रेडिओ ऑफिसर होते. अमेरिकेतल्या बंदरांत उतरून त्यांनी खरे ब्लूजवाले ऐकले होते आणि रत्नागिरीतल्या राजिवड्याच्या घरात त्यांच्याकडे भिंतभर रेकॉर्डी आहेत. आमचा वाद ठरलेला. कोण थोर आणि कोण नुसताच गाजलेला? जोरात वाजवणारे, भरभर वाजवणारे आम्ही तिघांनी कधीच बाद केले होते. गाडी अडायची ती गुरवांवर, आणि तीही त्यांच्यादेखत.

"ह्याच्याकडे सूर आहे, मान्य," दाऊदभाई म्हणायचे. "पण तो त्या जुन्या पेटाऱ्याचा आहे. थोर वादक तो, जो कुणाचीही गिटार, कसलाही अँप हातात दिला तरी तोच राहतो. ह्याला दुसऱ्या अँपवर बसव, मग बोलू."

"दाऊदभाई, मी आयुष्यभर डबे उघडलेत," मी म्हणायचो. "आत कंडेन्सर आणि धूळ असते. सूर बोटात असतो, डब्यात नसतो."

गुरव या वादात पडत नसत. चहा घ्यायचे. पण मी असं म्हटलं की त्यांचा चेहरा उजळायचा, हे मी पाहिलेलं आहे. आज तो चेहरा आठवला की मला स्वतःची चीड येते.

वाद घालूनही, गुरवांचं वाजवणं फोनवर रेकॉर्ड करून मुंबईला पाठवलं ते दाऊदभाईंनीच. तिथली एक छोटी मंडळी, आयुष्यभर मागे बसलेल्या वादकांची रेकॉर्ड काढणारी. त्यांचं लगेच उत्तर आलं की हा सूर कुठे होता इतकी वर्षं? गुरुवारी येतो, दाऊदभाईंच्या घरीच रेकॉर्डिंग करू. गुरवांनी एकच चौकशी केली. कव्हरवर नाव पूर्ण घालणार, की नुसतं एस. गुरव?

अँपला तेव्हा गुणगुण लागली होती. ती रेकॉर्डिंगमध्ये आली असती, म्हणून गुरव सोमवारीच अँप गोधडीत गुंडाळून लांज्याहून घेऊन आले. तक्रार एकच: गुणगुण घालवा.

हा अँप व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या तापणाऱ्या नळ्यांचा. त्यात विजेचा साठा करणारे कंडेन्सर असतात. ते जुने होऊन सुकले की गुणगुण येते. मी ते बदलले आणि गुणगुण गेली. अर्ध्या तासाचं काम. तिथे मी हात धुऊन चहा प्यायला हवा होता.

पण माझी एक खोड आहे. उघडलेल्या डब्यात दोष दिसला की मला तो राहू देता येत नाही. लोक त्यासाठीच माझ्याकडे येतात, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला माज होता. दोन मोठ्या व्हॉल्व्हपैकी एक थकला होता, मी नवी जोडी घातली. स्पीकर काढून बघितला. त्याचा कोन, म्हणजे आतला कागदी पडदा, फाटलेला. फाटलेल्या जागी कागदाचा तुकडा, आणि तो चिकटवलाय कशाने, तर फणसाच्या चिकाने. त्याचा काळा, कडक खडा झालेला. मला हसू आलं. मी तो कोन खरवडून काढला, नवा बसवला आणि जुना परसात वाळल्या पानांच्या पातेऱ्याबरोबर जाळून टाकला. माणसाच्या आयुष्यातलं मोठं काम आहे, मशीन कसं लखलखीत पाहिजे, असं मनात म्हणत होतो. सूर बोटात असतो यावर माझा पुरता विश्वास होता. म्हणूनच डब्यातलं काहीही बदलताना माझा हात जराही अडखळला नाही.

गुरवांनी बुधवारी वाजवलं तेव्हा सूर वर गेला आणि तिथेच उभा राहिला. स्वच्छ, ताठ. बसला नाही, भरून आला नाही. चांगल्या वादकाने चांगल्या अँपवर वाजवलेला सूर होता तो. असे वादक मुंबईत शेकड्यांनी असतील.

"वाजवा परत," मी म्हणालो.

"मी वाजवतंव तसाच वाजवतंव, भाऊ. त्यो येत नाय."

 काय झालंय ते मला एका क्षणात कळलं. सुकलेले कंडेन्सर आणि थकलेला व्हॉल्व्ह यांना जोराच्या सुरासाठी वीज पुरत नव्हती. म्हणून सूर चढताच खाली बसायचा आणि वीज भरली की परत उठायचा. ज्याला आम्ही श्वास म्हणत होतो, तो तिथे होता. आणि त्या सुराला घसा होता तो फाटक्या कोनाचा.

जुने पार्ट गिऱ्हाइकाला परत द्यायची माझी पद्धत आहे, म्हणून ते पिशवीत होते. कंडेन्सर परत घातले, व्हॉल्व्ह परत घातले. गुणगुण परत आली. सूर थोडा बसायला लागला, पण तो नुसताच बसायचा, त्यात कुणी माणूस नव्हता. मी ब्लेड घेतलं आणि नव्या कोनाकडे वळलो. शेजारच्या परसात फणस होता, चीक मिळाला असता. गुरवांनी माझं मनगट धरलं.

"नको, भाऊ. त्या फाटन्याला बावीस वर्सं लागली. तुमी एका मिनटात फाडून काय व्हनार?"

संध्याकाळी मी पुन्हा नवे पार्ट घातले. निदान गुणगुण तरी नको.

गुरुवारी रेकॉर्डिंगवाली बाई आणि तिच्यासोबतचा एकजण आले. दाऊदभाईंच्या दिवाणखान्यात माइक लावले. गुरव इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. त्यांनी तासभर वाजवलं. बोटं चुकली नाहीत, सूर कुठे ढळला नाही. बाई सुरुवातीला पुढे झुकून ऐकत होती. मग मागे टेकली. मग तिने फोन काढला, आधी आलेलं ते रेकॉर्डिंग कानाला लावलं आणि अगदी अदबीने विचारलं,

"गुरवकाका, राग मानू नका, पण हे तुम्हीच वाजवलंय ना?"

मी तोंड उघडलं. अँपचं सगळं सांगणार होतो. गुरवांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नाय बाई," ते म्हणाले. "तो दुसरा कोनतरी."

दाऊदभाई उठून आत गेले. बाईला बाहेर गाडीपाशी गाठून मी व्हॉल्व्हपासून फणसाच्या चिकापर्यंत सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "काका, पण मग आम्ही रेकॉर्ड कुणाची काढायची?"  महिन्याभराने त्यांचं पत्र आलं, या वर्षीच्या यादीत बसवता येत नाही म्हणून. त्यानंतर काहीच आलं नाही.

गुरव शनिवारी यायचे थांबले. पावसाळ्यानंतर मी त्यांच्या गावी गेलो. पडवीत बसून ते वाल सोलत होते. गिटार भाच्याला दिली म्हणाले. मी माफी मागितली. दाऊदभाईंनाही वाईट वाटतंय, मुंबईहून तसाच जुना स्पीकर शोधून आणतो, असं काय काय बोललो.

"तुमचा काय दोस नाय," ते म्हणाले. "तुमीच सांगत होताव ना, सूर बोटात असतो? मंग तो माज्या बोटात कदी नव्हताच. इतकी वर्सं मना उगाच वाटत होता."

"तसं नाही हो, गुरव."

"मंग कसा?"

 ज्या आवाजावर माणूस बावीस वर्षं बोट ठेवतो, तो आवाजही त्याचं बोट घडवत असेल, दोघांचं मिळून एक होत असेल, असं मला नंतर सुचलं. पण ते खरं आहे, की मी स्वतःला सोडवायला रचलंय, कोण जाणे. तपासायची सोय मीच ठेवलेली नाही. वालाच्या शेंगा सोलून झाल्यावर त्यांनी मला चहा दिला, एस.टी.पर्यंत सोडायला आले आणि गाडी हलायच्या आधीच मागे फिरले.

दाऊदभाई अजून शनिवारी येतात. खरं तर वाद ते जिंकले, पण त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. आता आम्ही हवामानावर बोलतो.

कामाची पद्धत मात्र मी बदलली. मशीन घेताना बिघडलंय काय ते विचारतोच, पण डबा उघडण्याआधी आणखी एक विचारतो: यातलं चांगलं काय आहे ते सांगा, म्हणजे मी त्याला हात लावणार नाही. लोक गोंधळून माझ्याकडे बघतात. आजवर एकालाही ते नीट सांगता आलेलं नाही, आणि गुरवांना त्या सोमवारी विचारलं असतं तर त्यांनी अँपमधल्या कशाकडेही बोट दाखवलं नसतं.