मुंग्या आलेला सीन

"अहो व्हिडिओवाले, अगदी तसलीच दुसरी पाठवा," मॅडम फोनवर म्हणाल्या.

"लगेच पाठवतो," मी म्हणालो. तसली म्हणजे कसली, हे मला माहीत नव्हतं. पण व्हिडिओ लायब्ररी चालवणाऱ्यानं 'माहीत नाही' असं म्हणायचं नसतं. डॉक्टर म्हणतात का?

नव्वदच्या दशकात बेलापूर गावात माझी लायब्ररी होती. कॅसेटी भाड्यानं देणं हे वरवरचं काम. खरा धंदा सल्ल्याचा. गिऱ्हाईक सिनेमाचं नाव कधीच सांगत नाही. 'परवा आईला रडू आलं तसला द्या', 'ज्यात शेवटी सासू विहिरीत पडते तसला द्या', एवढ्यावरून माल काढून द्यायचा. मला ते जमायचं, कारण दुकानातली प्रत्येक कॅसेट मी पाहिलेली होती. फक्त फास्ट फॉरवर्डमध्ये. तीन तासांचा सिनेमा पंधरा मिनिटांत, तोही आवाजाशिवाय. त्यामुळे जगातली सगळी माणसं घाईत असतात, असं माझं तेव्हा प्रामाणिक मत होतं.

मॅडमकडे गेलेली कॅसेट जपानी कार्टूनची होती. पुण्याच्या एका व्यापाऱ्यानं लॉट गळ्यात मारला होता, त्यात डझनभर निघाल्या. चित्रं जपानी, बोलणं इंग्रजी. याला अ‍ॅनिमे म्हणतात हे मला पुढे कित्येक वर्षांनी कळलं. मी रजिस्टरात 'मोठ्यांचं कार्टून' असं लिहून ठेवलं. त्या नोंदीमुळे दोन सभ्य कुटुंबांनी दुकानात येणं सोडलं आणि तीन नवे मेंबर मिळाले. तिघंही कॅसेट परत देताना माझ्याकडे फसवले गेल्यासारखे बघत होते.

मॅडम म्हणजे आमच्या भागातल्या एका साखर कारखान्याच्या वर्क्स मॅनेजरच्या पत्नी. ऑफिसर्स कॉलनीत पहिला बंगला त्यांचा. त्या जे बघायच्या ते उरलेले सोळा बंगले आठवडाभरात मागवायचे. त्यामुळे मॅडम खूश तर माझी कॉलनी खूश. कॅसेट न्यायला-आणायला सायकलवर यायचे सायमनराव. चाळिशीचा, कमी बोलणारा, हातानं कसबी माणूस. ते आले तेव्हा मी त्यांनाच विचारलं, "सायमनराव, त्या कॅसेटीत आहे तरी काय?"

"म्हंजी? तुमी बघितली न्हाई व्हय, शेठ?"

"बघितली. जरा भरभर बघितली."

मग त्यांनी गोष्ट सांगितली. इंग्रजी त्यांनाही येत नव्हतं, पण चहाचा ट्रे धरून दारात उभं राहून पाहिलेलं होतं, म्हणजे माझ्यापेक्षा नीट. एक गडी पावसात एका गूढ बाईच्या दुकानात शिरतो. त्याच्या हातून तिथली जुनी घंटा फुटते. बाई म्हणते, आता घंटेच्या जागी तू. भूत आलं की हा ओरडतो, मग बाई सावकाश उठते. "आन् शेठ, त्या घराला शिंगनापूरवानी दारच न्हाई. नुस्ती चौकट. तरी गड्याला भाईर जाता येत न्हाई."

"भारी आहे की!"

"भारी कशाचं? माझंबी तेच हाय."

आणि मग त्यांनी स्वतःची गोष्ट सांगितली. सायमनराव कारखान्यात वर्कशॉपचे फिटर हेल्पर. फिटर म्हणजे यंत्राचे भाग जुळवणारा, हेल्पर म्हणजे त्याला पाना देणारा. पण चार वर्षांपूर्वी साहेबांच्या बंगल्यावरचा नळ दुरुस्त करायला त्यांना पाठवलं, ते परत बोलावलंच नाही. हजेरी वर्कशॉपला लागायची, ड्युटी बंगल्यावर. सकाळी मस्टरवर सही करायची आणि जाऊन मॅडमच्या कुंड्यांना पाणी घालायचं. असे प्रत्येक कारखान्यात चार-दोन असायचे आणि सगळ्यांना माहीत असायचं.

"आता फिटरची जागा निघालीय," ते म्हणाले. "महिन्यानं ट्रेड टेस्ट. लोखंड घासायची कानस शेवटची धरली त्याला चार वर्सं झाली. वर्कशॉपला गेलो तर हात बसंल. हितं भेंडी चिरून कसा बसायचा?"

"मग साहेबांना सांगा."

"साहेब म्हनतात मॅडमला विचार. मॅडम म्हनतात, तू गेल्यावर मी कसं करू?"

मला कीव आली, आणि कीव आली की मी हुशारी करायला जातो. मी ठरवलं, मॅडमला अशाच कॅसेटी पाठवायच्या ज्यात शेवटी मालकीण गड्याला मोकळं करते. पाहून पाहून बाईला पाझर फुटेल. सल्ल्याच्या धंद्याचं याहून थोर काम दुसरं कोणतं?

लॉटमधल्या उरलेल्या सगळ्या कॅसेटी मी पुन्हा पाहिल्या. या वेळी फक्त शेवटची दहा मिनिटं. तीन निवडल्या. एकीत कोल्हीण बाईचं रूप घेते आणि तिच्याकडे भाड्यानं राहायला आलेला मास्तर झाडलोट करत बसतो. दुसरीत पावसाची देवी आणि तिच्या छत्र्या दुरुस्त करणारा इंजिनियर. तिसरीत एक मेलेली जमीनदारीण आणि तिचा जिवंत आचारी. तिन्हींत शेवटी गडी चौकटीतून किंवा पुलावरून निघून जातो, मालकीण हात हलवते. मी एकेक करून पाठवल्या.

आठवड्यानं मॅडमचा फोन. "अहो, काय छान निवडता तुम्ही! ती कोल्हीण किती कमी बोलते ना? नुसती नजर! माणसाला धाक असा बसला पाहिजे." हे सगळं मॅडम एका श्वासात आणि पाऊण तास बोलल्या.

त्या शनिवारी सायमनराव आले ते चेहरा पाडूनच.

"शेठ, तुमी काय पाठवताय? मॅडम आता बोलतच न्हाईत."

"बरं झालं की!"

"काय बरं झालं? आधी सांगायच्या तरी, चहा टाक, पडदे धू. आता नुस्तं बोट दाखवतात. खिडकीकडं बोट दावलं. मी पडदे काढून धुतले, तर त्यांना खिडकी लावून पायजे हुती. उदबत्त्या काय लावतात, केस काय मोकळे सोडतात. काल साहेबच दचकले."

मॅडमनी शेवट पाहिलाच नसावा. शेवट येईपर्यंत त्यांना जे शिकायचं ते शिकून झालं असावं.

तेवढ्यात मी सवयीनं त्यांनी परत आणलेली आचाऱ्याची कॅसेट तपासायला लावली. इथे धंद्यातली एक खुबी सांगतो. टेप एकाच जागी पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिली की तिथला लेप झिजतो आणि पडद्यावर पांढरे ठिपके वळवळतात. आम्ही म्हणायचो, मुंग्या आल्या. मुंग्या कुठे आल्या यावरून कुठल्या घरात काय आवडतं ते मला कळायचं. एका रिटायर्ड मामलेदारांच्या कॅसेटीत मुंग्या नेहमी पावसातल्या गाण्यावर यायच्या आणि त्यांच्या पत्नीला वाटायचं ते भक्तिपट बघतात.

या कॅसेटीला मुंग्या अगदी शेवटी आल्या होत्या. आचारी पुलावरून निघून जातो, तिथेच. दहा-बारा वेळा तरी पाहिलेला सीन. म्हणजे वरवर बोट दाखवणारी बाई आतून विरघळत होती! एक धक्का दिला की काम झालं. सायमनराव सायकलवर टांग टाकून गेले तसा मी फोन फिरवला.

"मॅडम, तुम्हाला तो शेवटचा सीन फार भिडलेला दिसतोय. आचारी पुलावरून जातो तो. मोठं मन लागतं हो असा सीन आवडायला."

"कुठला पूल? मी तर मध्येच झोपले. पण तुम्हाला हे कसं कळलं?"

मी शहाणा. मी मुंग्यांचं शास्त्र सविस्तर सांगितलं. रिवाइंड, झीज, ठिपके, सगळं. मॅडम इतका वेळ गप्प राहिल्या तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"मंगळवारी दुपारी आमचं महिला मंडळ असतं," त्या अखेर म्हणाल्या. "घरी फक्त सायमन असतो."

मी फोन ठेवला. मंगळवारी दुपारी, मॅडम घरी नसताना, तो माणूस एकटा उभा राहून एका आचाऱ्याला पुन्हा पुन्हा पुलावरून जाताना बघत होता, आणि ते मी त्याच्या मालकिणीला कळवलं होतं.

पुढचं मला कारखान्याच्या हेडक्लार्कनं सांगितलं. तो माझा मेंबर, मारामारीच्या सिनेमांचा. मॅडमनी साहेबांना सांगितलं, साहेबांनी हुकूम सोडला, सायमनला मेमो द्या. मेमो म्हणजे 'तू हे केलंस, खुलासा कर' असा कागद. हेडक्लार्क लिहायला बसला आणि अडला.

"साहेब, ठिकाण काय टाकू?"

"बंगला टाका."

"पण मस्टरप्रमाणे मंगळवारी दुपारी तो वर्कशॉपला लेथ मशीनसमोर होता. सही आहे. तुमचीपण आहे."

साहेबांनी मस्टर ओढून आपली सही बघितली. मग म्हणाले, "त्याला जिथे आहे तिथे पाठवा."

दुसऱ्या दिवशी सायमनराव दुकानात आले. मी काउंटरमागे उभाच राहिलो, पळायला सोयीचं म्हणून.

"शेठ, मॅडमला तुमीच सांगितलं ना?"

"हो."

"लई शिव्या खाल्ल्या मी. बायकोसमोर. तिलाबी बंगल्यावर बोलावून घेतलं हुतं. आमी चोरी केली न्हाई शेठ. नुस्तं बघितलं."

मला 'माफ करा' म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "वर्कशॉपला कधीपासून?"

"आजपासून. कानस धरली तर हाताला फोड आले." तळहात त्यांनी मला दाखवले नाहीत, नुसते खिशात घातले आणि गेले.

टेस्टला दोन लोखंडी तुकडे कानशीनं घासून एकमेकांत बसवायचे असतात. फोरमन ते उजेडाला धरतो. मधून प्रकाश दिसला की नापास. सायमनरावांच्या तुकड्यांतून दिसला नाही. वर नियमाप्रमाणे चार वर्षांचा वर्कशॉपचा सलग अनुभव लागत होता, तो तर मस्टरवर साहेबांच्या सहीनिशी तयारच होता.

मॅडमनी मेंबरशिप बंद केली. त्यांच्यामागून आठवडाभरात सोळा बंगले. बंगल्यावर आता कॅन्टीनचा एक हेल्पर जातो, असं हेडक्लार्क म्हणाला. हजेरी कॅन्टीनला.

सायमनराव फिटर झाले. पेढे त्यांनी सगळ्या बाजारपेठेत वाटले, माझं दुकान सोडून. त्यात चूक काही नव्हती. माझ्या हातून त्यांचं भलं झालं हे खरं, पण मी ते करायला गेलो नव्हतो, आणि जे करायला गेलो होतो त्यानं त्यांना बायकोसमोर शिव्या खायला लावल्या. त्यानंतर दुकान होतं तोवर कॅसेट परत आली की मी मुंग्या बघायचो. त्या कुणाच्या, हे ओळखायचो. आणि गिऱ्हाईक विचारायचं, "कॅसेट ठीक आहे ना?", तेव्हा म्हणायचो, "हो, एकदम क्लीन."