विलासची लाल स्पोर्ट्स कार

नीट चालणाऱ्या गाडीचे किस्से होत नाहीत. माझ्या शेजाऱ्याने एक साधी चार दरवाजांची गाडी कितीतरी वर्षं वापरली, पण तिच्याबद्दल सांगण्यासारखं त्याच्याकडे एक वाक्य नाही. आमच्या विलासकडे स्पोर्ट्स कार होती जेमतेम दोन वर्षं. तरी आम्ही जुने कंपनीवाले कुठल्याही लग्नात भेटलो की अक्षता पडेपर्यंत तिच्यावरच बोलत असतो.

विलास सावंत आमच्या विक्रोळीच्या फॅक्टरीत टूलरूमला होता, मी ड्रॉइंग ऑफिसात. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कंपनीत बाहेरून एक मोठं मशीन आलं, मशीन बसवायला एक गोरा साहेब आला आणि साहेबाबरोबर त्याची ही गाडी. लाल, दोन दरवाजे, दोनच सीट, आणि इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे आधी गुडघ्यांची परवानगी घ्यावी लागे. मशीन सुरू झालं, साहेब मायदेशी गेला, गाडी मात्र इथेच ठेवून गेला. का ठेवून गेला, हे कोणीतरी विचारायला हवं होतं. विलासने न विचारता विकत घेतली.

गाडी दारात आली तेव्हा त्याची बायको सुनंदा दोन्ही मुलांना घेऊन खाली उतरली. तिने काचेतून आत डोकावून पाहिलं.

"मुलं कुठे बसायची?"

"अगं, स्पोर्ट्स कार आहे ही."

"मग मैदानात नेऊन ठेव," असं म्हणून ती वर निघून गेली.

* * *

गाडी लेफ्ट हँड ड्राइव्ह होती. म्हणजे स्टिअरिंग डावीकडे. पुढे ट्रक असला की विलासला ट्रकचा मागचा भाग सोडून जगातलं काहीही दिसायचं नाही. त्यामुळे उजव्या सीटवर बसणाऱ्याने खिडकीतून मान बाहेर काढायची आणि समोरून काही येतंय का ते सांगायचं. हे काम बहुतेक माझ्याकडे असे, कारण मी मुलुंडला राहायचो आणि विलास हौसेने मला घरी सोडायचा.

पहिल्याच दिवशी आग्रा रोडवर आमच्या पुढे पाण्याचा टँकर होता. मी मान बाहेर काढली, समोरून बस येताना दिसली आणि मी ओरडलो, "जाऊ नको."

विलासने त्यातलं "जा" ऐकलं आणि गाडी काढली. "ऊ नको" मी म्हणालो तेव्हा आम्ही टँकरच्या बरोबरीने होतो.

कसे वाचलो ते बसवाल्यालाच माहीत. त्याने ब्रेक मारला, खिडकीतून खाली वाकून आमच्याकडे पाहिलं आणि आमच्या दोघांच्या आयांची चौकशी केली. त्यानंतर आम्ही शब्द ठरवून घेतले. जायचं असेल तर "चल", नसेल तर "थांब". मी पुढे कितीतरी वर्षं घरीदारी कोणालाही "जाऊ नको" म्हणत नव्हतो.

* * *

तिचे हेडलाइट बॉनेटच्या आत झाकलेले असत. बटण दाबलं की डोळे उघडल्यासारखे वर यायचे. मुंबईच्या हवेत डाव्या डोळ्याचं बटणाशी बिनसलं आणि तो स्वतःच्या मर्जीने उघडझाप करायला लागला.

एकदा घाटकोपरच्या सिग्नलला आम्ही उभे होतो. शेजारी बसस्टॉप, तिथे रांगेत एक शाळेच्या बाई. गाडीने डोळा उघडला, मिटला. पुन्हा उघडला, मिटला. बाई रांग सोडून सरळ विलासच्या खिडकीशी आल्या.

"लाज नाही वाटत? केस पिकायला आले."

"बाई, मी काही केलं नाही. ती गाडीच मारते."

बाईंनी गाडीच्या तोंडाकडे पाहिलं. नेमका तेव्हा डोळा गपचूप मिटलेला. सिग्नल हिरवा झाला, पण बाईंचं बोलून होईपर्यंत विलासची निघायची हिंमत झाली नाही. मागची वाहनं हॉर्न देत राहिली आणि आम्ही संस्कारांवरचं सगळं व्याख्यान ऐकून घेतलं.

* * *

विलासचा धाकटा भाऊ बबन बोटीवर होता. घरी फोन नव्हता, म्हणून तो शेजारच्या कामतकाकूंकडे ट्रंककॉल लावायचा. एका रविवारी त्याचा असाच कुठल्याशा बंदरावरून फोन आला. आवाज विहिरीतून आल्यासारखा.

"दादा, परत बोलावलीय."

"कोणाला परत बोलावलंय?"

"गाडी. तुझी गाडी. कंपनीने त्या मॉडेलच्या सगळ्या गाड्या परत बोलावल्यात. इथल्या पेपरात आलंय. ब्रेकचा पाइप इंजिनला चिकटून जातो, तापून फुटतो. तू चालवू नको, ऐकतोयस ना?"

फोन तुटला. कामतकाकूंनी अर्धंच ऐकलं होतं. त्यांनी सगळ्या बिल्डिंगला सांगितलं की बबनला कंपनीने परत पाठवलंय. संध्याकाळपर्यंत चार बायका सुनंदाचं सांत्वन करून गेल्या.

दुसऱ्या दिवशी विलास आणि मी रजा टाकून फोर्टातल्या एका जुन्या एजन्सीत गेलो. पूर्वी ते बाहेरच्या गाड्या विकायचे. काउंटरवरच्या गृहस्थांनी शांतपणे सगळं ऐकलं.

"खरं आहे. आम्हालाही कळलंय. पाइप फुकट बदलून देतात."

"मग द्या बदलून," विलास म्हणाला.

"इथे नाही. अधिकृत डीलरकडे. सगळ्यात जवळचा आखातात आहे."

"तिकडे नेऊ कशी?"

"तुमचं तुम्ही बघा. फक्त चालवत नेऊ नका, तसं कंपनीने स्पष्ट सांगितलंय."

* * *

शेवटी घाटकोपरच्या फर्नांडिसने पाइप बदलला. फर्नांडिस टेम्पो दुरुस्त करायचा. त्याने टेम्पोचाच पाइप वाकवून, ठोकून बसवला आणि हात पुसत बाहेर आला.

"चालेल ना?" विलासने विचारलं.

"चालायला झकास चालेल. थांबेल का, ते नाही सांगता येत."

विलासला तो विनोद वाटला. तो हसला, फर्नांडिस हसला नाही.

त्याच आठवड्यात विलासचे सासरे मालवणहून आले. तात्या. सगळी नोकरी गिरणीत काढून गावी परतलेले, मितभाषी. जावयाने त्यांना हायवेवर फिरवायला नेलं. कांजूरच्या अलीकडे गाडीसमोर म्हैस आडवी आली. विलासने ब्रेक दाबला, तो थेट खालच्या पत्र्याला टेकला. म्हशीला चुकवायला त्याने स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी रस्ता सोडून उतारावरून मिठागराच्या दिशेने निघाली.

तात्यांनी शांतपणे विचारलं, "जावयबापू, खंय जातास?"

विलास नुसताच रिकामा ब्रेक दाबत राहिला. बांध ओलांडून गाडी चिखलात घुसली आणि दारापर्यंत रुतून थांबली. इंजिन बंद पडलं. विलासचे दोन्ही हात अजून स्टिअरिंगवरच होते, आणि तात्यांनी आपला हात त्यावर ठेवला होता. हे मला विलासने पुढे खूप वर्षांनी सांगितलं, आणि सांगताना तो दुसरीकडे बघत होता.

खाडीकडून दोन कोळणी पाट्या घेऊन येत होत्या. एकीने थांबून विचारलं, "गारी धुवाला आनलीस काय रं?"

त्यांच्याच माणसांनी दोर लावून गाडी ओढून काढली. घरी सुनंदाने दोघांचे गुडघ्यापर्यंत बरबटलेले पाय पाहिले. तात्या म्हणाले, "मिठागर बघूक उतरललंव." तिने वडिलांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि विलासच्या हातातली चावी काढून घेतली.

* * *

त्यानंतर गाडी बिल्डिंगखाली नुसतीच उभी होती. आणि एके दिवशी सकाळी ती नव्हती.

चोराला चावी लागत नाही. विलास धावत माझ्याकडे आला, चेहरा पांढरा पडलेला. मला वाटलं गाडी गेल्याचं दुःख. पण तो रिक्षात सारखं एकच म्हणत होता, "अरे, तिला ब्रेक नाही. कोणी मध्ये आलं असेल तर? पोरं शाळेत जातात या वेळेला."

आम्ही चौकीत पोचलो. आत बाकावर एक पोरगेला माणूस बसला होता. एक हात गळ्यात बांधलेला, कपाळाला पट्टी, अंगाला कचऱ्याचा वास. हवालदाराने सांगितलं, गाडी देवनारला कचऱ्याच्या ढिगात शिरलेली सापडली, हाच चालवत होता, बाकी कोणाला खरचटलंही नाही. विलास मटकन बाकावर बसला, नेमका त्याच्याच शेजारी.

त्या माणसाने वळून विचारलं, "लाल गाडी तुमची?"

"हो."

"बायकामुलं आहेत ना घरी?" तो म्हणाला. "असली गाडी रस्त्यावर ठेवता? माणूस मरेल ना एखादा."

विलासने मान खाली घातली.

तेवढ्यात इन्स्पेक्टर आले, खुर्चीत बसले, कागद पुढे ओढला आणि विलासला म्हणाले, "हं, बोला. तक्रार काय आहे?"

विलासने शेजारच्या त्या गळ्यात बांधलेल्या हाताकडे पाहिलं.

"साहेब," तो म्हणाला, "आधी यांची लिहून घ्या."