तीन सेकंदांचा अंगठा

दीपमाला नगराळे नेमकं काय काम करते, हे तिच्या आईला अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही. कुणी विचारलं की कांताबाई म्हणतात, "कॉम्प्युटरात असते." जणू पोरगी तिथं भाड्यानं खोली घेऊन राहते. दीपमालानं एकदोनदा समजावून पाहिलं. माणूस पडद्यावर बोट ठेवतो, तेव्हा पुढं काय व्हायचं ते मी लिहिते, असं. कांताबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग बोट ठेवणारा कोण असते?" पुण्यात साडेतीन वर्षं तिनं शेकडो बटणं केली, पण ती दाबणारा एकही माणूस तिनं डोळ्यांनी पाहिलेला नव्हता.

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं म्हणून ती महिनाभरासाठी मुकुटबनला आली, आणि आई काठी टाकून चालायला लागली तरी तिचा पाय काही घरातून निघेना. पुण्याच्या कंपनीनं मार्चअखेरपर्यंत जागा राखून ठेवली होती. ये, नाहीतर तसं कळव. यायचं नव्हतं, पण गावात राहून खायचं काय, हा प्रश्न होताच. अशात बेबीताईंनी तिला डाळगिरणीवर बोलावून घेतलं.

गिरणी बायकांच्या गटाची. बेबीताई अध्यक्ष. फेब्रुवारी-मार्चात आसपासच्या गावांतून, पार झरी जामणीच्या जंगलातल्या पोडांवरूनही, म्हणजे कोलामांच्या वाड्यांवरूनही, बाया घरच्या खाण्याची तूर भरडायला आणतात. आणि दरवर्षी नंबरावरून भांडणं ठरलेली. पोतं रांगेत ठेवून बाई पाणी प्यायला गेली, की परत येईस्तोवर तिचं पोतं चार जागा मागं सरकलेलं असायचं. पोत्याला पाय फुटत नाहीत, पण कुणाची पोती पुढं जातात आणि कुणाची मागं येतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बेबीताईंना असं काहीतरी हवं होतं, ज्याला जावई नाही, भावकी नाही.

दीपमालानं दाराशी एक टॅब लावला. पडद्यावर एकच मोठा हिरवा चौकोन, 'माल आणला'. त्यावर बोट ठेवलं की टॅब नंबर बोलून दाखवणार, आत मशीन चालवणाऱ्या अतुलच्या पडद्यावर तो नंबर उमटणार आणि बेबीताईंच्या मोबाइलवर त्याची नोंद जाणार.

"तार तं कुठं दिसत नाही," बेबीताई म्हणाल्या. "मंग अतुलले आत समजते कसं?" दहावीला बेबीताईंचं गणित राहिलं होतं, पण समोरच्याला प्रश्न विचारून घाम फोडण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"ताई, बोट पडलं की एक चिठ्ठी तयार होते," दीपमाला म्हणाली. "तिला आमच्यात इव्हेंट म्हणतात. काय झालं, कोणत्या बटणावर झालं, किती वाजता झालं, सगळं तिच्यावर असते. मी आधीच तिघांची नावं देऊन ठेवली हायेत, टॅबचा आवाज, अतुलचा पडदा न् तुमचा मोबाइल. असं असं झालं तर यांना कळवायचं. ते लिसनर. चिठ्ठी निघाली की तिघांच्याही हाती पडते आणि जो तो आपापलं काम करते."

"न् बटणाले माहीत असते काय, कोण कोण वाट पाहून राह्यलं ते?"

"नाही. त्यानं फक्त झालं ते सांगायचं."

बेबीताईंनी जरा विचार केला. "म्हंजे आमच्या मोहल्ल्यात पोरगी पाहाले पाहुणे येते तसंच. कोणी दवंडी देत नाही. गाडी थांबली की घरातली चहा ठेवते, शेजारीण खिडकी उघडते, न् भावकीतला एखादा तोंड वाकडं करते. गाडीले काही घेणं ना देणं."

दीपमाला पोट धरून हसली. कॉलेजात तीन तासिका खर्ची घालून सरांना जे सांगता आलं नव्हतं, ते बेबीताईंनी उभ्या उभ्या सांगितलं होतं. शिवाय त्या पुढं म्हणाल्या, "पण गाडी दाराशी थांबलीच नाही न् गल्लीच्या तोंडाशीच उभी राह्यली, तं कोणीच हालत नाही, नाही का?" त्या वेळी दीपमालाला तो नुसता विनोद वाटला.

टॅब महिनाभर लावून पाहायचा, मग गटाच्या बैठकीत ठरवायचं, असा करार होता. गटानं ठेवला तर पाटणच्या आणि झरीच्या गटांचंही काम मिळणार होतं आणि दीपमालाला गावातच राहता येणार होतं. नाही ठेवला, तर बॅग भरायची आणि पुण्याची गाडी धरायची.

पहिला पंधरवडा छान गेला. मग रुखमाबाई आत्राम आल्या. झरीच्या पलीकडच्या एका कोलाम पोडावरच्या, सत्तरीच्या आसपास, अंगानं काटक. अर्धं पोतं तूर घेऊन काळीपिवळी जीपनं सकाळी नऊला उतरल्या आणि टिनाच्या सावलीत बसून राहिल्या. त्यांच्यामागून आलेल्या बायांची डाळ होऊन बाया घरी गेल्या, तरी यांचा नंबर पुकारला गेला नाही. चारला शेवटची गाडी. तूर होती तशी घेऊन त्या परत गेल्या. चार दिवसांनी पुन्हा आल्या, पुन्हा तेच.

"बटणच दाबलं नसन त्यायनं," अतुल म्हणाला. तो स्वभावानं वाईट नव्हता, पण त्याला प्रत्येक गोष्टीचं कारण आधीच माहीत असायचं.

हळूहळू कळलं, की असं झालेल्या रुखमाबाई एकट्याच नव्हत्या. आणखी सात-आठ म्हाताऱ्या बाया होत्या, बहुतेक पोडांवरच्या. बैठकीच्या आदल्या दिवशी बेबीताईंचा फोन आला. "दीपे, बाया म्हणून राह्यल्या, मशीन माणूस पाहून नंबर देते. मी उद्या त्यायले काय सांगू?"

दीपमालाला काम जाण्याची भीती होतीच, पण हा आरोप त्याहून जिव्हारी लागला. माणूस पाहून नंबर देणं म्हणजे काय, हे नगराळ्यांच्या घरात कुणाला शिकवावं लागत नव्हतं. आजोबांनी ते जातीवरून आयुष्यभर सोसलं होतं. आणि आता त्यांच्याच नातीच्या हातून तेच घडत होतं?

तिनं गिरणीवर जाऊन बटण दहा वेळा दाबलं. दहाच्या दहा नंबर आले. अतुलनं दाबलं, आला. बेबीताईंनी दाबलं, आला. पुण्यात अशा वेळी 'वापरणाऱ्याची चूक' असं लिहून तक्रार बंद करत. तिनंही तसं लिहून बंद केलेल्या तक्रारी काही थोड्या नव्हत्या. पण तिथल्या तक्रारीला तोंड नव्हतं. इथल्या तक्रारीनं दोनदा झरीपलीकडून येऊन दिवस दिवस उपाशीपोटी वाट पाहिली होती.

मग तिनं एक साधी गोष्ट केली. बटणावर घडलेलं बटणापाशीच राहत नाही. चिठ्ठी बटणाकडून त्याच्याभोवतीच्या चौकटीकडे जाते, तिथून आख्ख्या पानाकडे, अशी पायरी पायरीनं वर चढते. म्हणून तिनं अगदी वरच्या पायरीवर आणखी एक लिसनर बसवला. त्यानं करायचं काहीच नाही, फक्त वर येईल ती प्रत्येक चिठ्ठी तिच्या लॅपटॉपवर लिहून काढायची. बोट टेकलं, बोट उठलं, दाबलं, अक्षरं निवडली, जे काय असेल ते.

बैठकीच्या दिवशी सकाळी रुखमाबाई तिसऱ्यांदा आल्या. बेबीताईंनी निरोप धाडला होता, पण निरोप मिळूनही दोनदा हात हलवत परतलेलं कोण येतं? त्या आल्या. दीपमाला आतल्या खिडकीशी लॅपटॉप घेऊन बसली. रुखमाबाईंनी पोतं खाली ठेवलं, उजव्या हाताचा अंगठा पदराला पुसला आणि हिरव्या चौकोनावर टेकवला. टेकवला तो उचललाच नाही. मान ताठ, श्वास रोखलेला, फोटो काढताना माणूस उभा राहतो तशा त्या उभ्या. 'माल आणला' ही अक्षरं निळी झाली. मग त्यांनी अंगठा उचलला आणि समाधानानं सावलीत जाऊन बसल्या.

लॅपटॉपवर ओळी उमटल्या होत्या. बोट टेकलं. अक्षरं निवडली गेली. बोट उठलं. टेकण्याची वेळ आणि उठण्याची वेळ, यांत तीन सेकंदांचं अंतर. 'दाबलं' ही ओळ मात्र नव्हतीच. बोट टेकून लगेच उचललं, तरच टॅब त्याला 'दाबलं' म्हणतो. धरून ठेवलं, तर त्याला वाटतं की या माणसाला अक्षरं निवडायची आहेत. आणि दीपमालाचे तिन्ही लिसनर वाट पाहत होते ती फक्त 'दाबलं'ची. दाराशी गाडी थांबलीच नव्हती.

ती धावतच बाहेर आली. "आजी, अंगठा एवढा वेळ काहून धरला?"

"धरा लागते ना वो," रुखमाबाई म्हणाल्या. "राशनच्या मशीनवर लवकर उचलला तं दुकानवाला ओरडते. मशीन घेते नाही तोवर धरून ठेवाव. न् थे निळं झालं ना? घेतलं त्यानं."

यात चूक कुठं होती? त्यांना आयुष्यात जी मशीनं भेटली, त्यांनी जे शिकवलं, ते त्या नेमानं करत होत्या. नंबर बोलणारा आवाज गिरणीच्या घरघरीत कुणाला ऐकू येत नव्हता, त्यामुळं निळी झालेली अक्षरं हीच त्यांची पावती.

दीपमालानं तिथंच पायरीवर बसून दुरुस्ती सुरू केली. घाईत तिनं जुना लिसनर तसाच ठेवून 'बोट टेकलं'साठी नवा जोडला. अतुलनं नेहमीसारखं टिचकी मारून दाबलं, तर त्याला दोन नंबर मिळाले, एक टेकल्याचा आणि एक दाबल्याचा. "एका पोत्याले दोन नंबर!" तो खूश झाला. "ऱ्हाऊ दे ना वो असंच." तिनं जुना काढून टाकला. मग त्या चिठ्ठीलाच बजावून ठेवलं, की तुझं ते अक्षरं निवडायचं नेहमीचं काम इथं करायचं नाही. आणि टॅबला मोठा भोंगा लावून दिला. रुखमाबाईंनी अंगठा टेकवला, तोच भोंगा ओरडला, "तुमचा नंबर सतरा!" त्या दचकून दोन पावलं मागं सरल्या आणि मग तोंडाला पदर लावून हसल्या.

दुपारी बैठक भरली. अतुल दीपमालाच्या कानाशी लागला, "आता चालून राह्यलं ना सगळं? मंग बोलू नको काही. नेटवर्क नव्हतं म्हण." सल्ला काही वाईट नव्हता. नेटवर्कवर ढकललं तर मुकुटबनात कुणीही विश्वास ठेवला असता, आणि तिचं कामही वाचलं असतं. खोटं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. ते तिच्या जिभेवर आलंही होतं. समोर रुखमाबाई भरडलेली डाळ मांडीवर घेऊन बसल्या होत्या. ही बाई तिसऱ्यांदा आली नसती, तर आपण पुण्यातल्यासारखंच 'वापरणाऱ्याची चूक' लिहून मोकळे झालो असतो, हे दीपमालाला लख्ख दिसत होतं. तिला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

ती उभी राहिली. "मशीन माणूस पाहून नंबर देत नव्हतं," ती म्हणाली, "पण अंगठा धरून ठेवणाऱ्याले देतच नव्हतं. थे मी तसं लिहिलं होतं. मी माझ्यासारखीच माणसं डोळ्यासमोर ठेवली. चूक माझी हाय. तुमच्या बोटाची नाही. या आजी परत परत आल्या म्हणून मला समजलं. टॅब काढा म्हणसान तं काढून नेतो."

मग मागून एक बाई हळूच म्हणाली, "मले वाटलं, कापूस येचून येचून माहा अंगठा पुसून गेला." दुसरी म्हणाली, "मी तं सुनेले धाडत होती. म्हटलं, माहं बोट घेत नसन थे." तिसरीनं अंगठ्याला लिंबू चोळलं होतं. एकेक करत सगळ्या बोलू लागल्या. प्रत्येकीला वाटत होतं, की खोट आपल्यातच आहे, आणि प्रत्येकीनं ते दुसरीपासून लपवलं होतं. दीपमालाचे डोळे भरून आले, आणि तिनं ते पुसलेही नाहीत.

बेबीताईंनी वही उघडली. "टॅब राहीन," त्या म्हणाल्या, "न् पोरगीही राहीन. पाटणवालीले फोन मी करतो." मग इकडंतिकडं पाहत, "कोणाची हरकत?" असं अशा आवाजात विचारलं, की हरकत असती तरी ती तोंडातल्या तोंडात राहिली असती.

चारच्या गाडीपर्यंत दीपमाला रुखमाबाईंची डाळ उचलून घेऊन गेली. गाडीत बसल्यावर रुखमाबाईंनी उजवा हात पुढं केला. अंगठ्याचं टोक लाल झालं होतं, एके ठिकाणी कातडं सोललेलं.

"सकाळी इटेनं घासून आणला," त्या म्हणाल्या. "म्हटलं, आज तरी घेईन."

दीपमालानं तो हात दोन्ही हातांत धरला.

"बँकेत गेली तं अंगठा खराब. राशनले गेली तं अंगठा खराब," रुखमाबाई म्हणाल्या. "मशीन चुकली, असं आजवर मले कोणी सांगतलंच नव्हतं वो माय."