मास्तरांचा रविवार

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील प्रभाकर ओहोळ, नेमके कोण होते हे मला कोणीच एका शब्दात सांगू शकलेलं नाही. कागदोपत्री ते खडवलीजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेचे मास्तर. पण गावात विचारत फिरा, प्रत्येकाचे मास्तर वेगळे. एकाच्या विहिरीचा पंप त्यांच्याशिवाय चालत नसे. दुसरीच्या लग्नातल्या चोळ्या त्यांनी शिवलेल्या. घड्याळं, आंब्याची कलमं, अडलेली म्हैस, तहसीलदाराला अर्ज, सगळीकडे यांचा हात. गावात ख्रिस्ती घर एकच आणि देवळातल्या भजनाची पेटी सुरात आणायची तर बोलावणंही त्याच घरी.

यंदा आईच्या कल्याणच्या चर्चच्या मंडळीने जुन्या कुटुंबांची स्मरणिका काढायचं ठरवलं आणि आजोबांवरची दोन पानं माझ्या गळ्यात पडली. मी मुळात चौकस, आईच्या भाषेत भोचक. कोलशेतहून वही घेऊन तिच्याकडे डोंबिवलीला गेले. वाटलं होतं, ती भरभरून बोलेल. ती म्हणाली, त्यांच्या कलांबद्दल काय हवं ते लिही, श्रद्धेबद्दल काही लिहू नकोस.

आता एवढं ऐकल्यावर मी गप्प बसणार होते थोडीच! दोन चहा आणि एक भांडण झाल्यावर गोष्ट बाहेर आली. आईच्या लहानपणी आजोबांचा रविवार इतका कडक असे की घड्याळाला किल्ली देणं म्हणजेसुद्धा काम. ती शनिवारी रात्रीच देऊन ठेवायची. प्रभूचा दिवस म्हणजे प्रभूचा दिवस. मग आई आठवीपासून नगरच्या बोर्डिंगमध्ये शिकायला गेली आणि तीन वर्षांनी घरी परतली, तेव्हा तिला भलतेच वडील भेटले. हे वडील रविवारी हत्यारांची पिशवी घेऊन कल्याणला उपासनेला यायचे, शेवटच्या बाकावर बसायचे आणि प्रवचन संपायच्या आत उठून परतीची गाडी पकडायचे. गावात पोचले की दारोदार विचारत फिरायचे, काही मोडलंय का, काही अडलंय का. मंडळीत कुजबुज झाली. चर्चच्या कारभारात पंच म्हणून त्यांचं नाव होतं, ते काढलं. त्यांनी ना खुलासा दिला, ना सवय सोडली.

लग्न होऊन आई डोंबिवलीला आली. आता दर रविवारी ती चर्चमध्ये वडिलांच्या शेजारी बसू लागली आणि दर रविवारी तिच्या शेजारची जागा अर्ध्यातच रिकामी व्हायची. एकदा तिचा तोल सुटला. चर्चच्या पायरीवर, चारचौघांत, ती त्यांना म्हणाली, "तुम्ही साऱ्या गावाचे झालात. देवाचे तेवढे राहिला नाहीत." आजोबा हत्यारांची पिशवी उचलून स्टेशनकडे गेले. पुढची दोन वर्षं ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली. मग ते वारले. त्यालाही आता सत्तावीस वर्षं झाली.

"माझे वडील प्रभूवरच्या विश्वासात गेले की नाही, मला माहीत नाही," आई म्हणाली. पासष्ट वर्षांची बाई, पण हे सांगताना तिचा आवाज शाळकरी मुलीसारखा झाला होता. मला माझ्या भोचकपणाची पहिल्यांदाच लाज वाटली. पण चौकशी काही थांबवली नाही. पुढच्याच आठवड्यात तिला घेऊन गावी गेले.

आजोबांचे विद्यार्थी सहदेवकाका ओसरीवरच भेटले. वय ऐंशीच्या घरात, पण आठवणी ठणठणीत. मास्तरांच्या कला मोजता मोजता ते म्हणाले की खरा हात हाडं बसवण्यात, पार शहापूरपासून माणसं यायची. पुढे मात्र मास्तरांनी ते एकदम सोडलं. मी आईकडे पाहिलं. सोडल्याचं तिलाही ठाऊक नव्हतं. मी कारण विचारलं, तर काका आईकडे बघत जरा घुटमळले आणि म्हणाले, दामाजीच्या जनीकडे जा.

जनाबाई म्हणजे दामाजीची मुलगी, आता अठ्ठावन्नची, गावच्या भजनात पेटी वाजवणारी. तिने चहाचा कप डाव्या हाताने पुढे केला. उजवा हात कोपरात वाकलेला होता आणि सरळ होत नव्हता. आईला हे सगळं माहीत असणार, असंच ती धरून चालली होती. नाही म्हटल्यावर तिने सांगितलं.

आठ वर्षांची असताना ती जांभळीवरून पडली; आई तेव्हा नगरला बोर्डिंगमध्ये होती. कोपर निखळलं. दिवस रविवार. दामाजी तिला उचलून मास्तरांच्या दारी घेऊन आला. मास्तर म्हणाले, आज मी कामाला हात लावत नाही, उद्या उजाडताच बसवतो. दामाजीचा त्यांच्यावर एवढा विश्वास, की तो वाद न घालता तसाच परतला. पोरीला कल्याणच्या दवाखान्यात नेण्याचं त्याच्या मनातही आलं नाही. सोमवारी हात सुजून टम्म फुगला होता. बसला नाही. पुढे दवाखाने झाले, पण कोपर वाकलेलं ते वाकलेलंच राहिलं. आजोबांनी त्यानंतर कोणाच्या हाडाला हात लावला नाही. वर्षभराने आपली पेटी उचलून ते जनीच्या घरी आले. पेटी वाजवायला कोपर वाकलेलंच लागतं, म्हणाले, आणि तिला शिकवायला बसले.

"दर रविवारी गाडीतून उतरले की पहिले आमच्याकडं," जनाबाई म्हणाली. "मी म्हणायची, मास्तर, माझं काही अडलं नाही, आता नका येऊ. तर म्हणायचे, देवानं मला त्या दिवशी दारात हाक मारली, मी आत बसून राहिलो. आता प्रत्येक रविवारी मीच दारं वाजवतो."

आईचा चहा तसाच हातात होता. मी काहीतरी बोलणार होते, पण तिने मला हातानेच थांबवलं. मग तिने विचारलं ते माझ्यासाठी नव्हतंच. ती चर्चच्या पायरीवर काय बोलली होती ते तिने जनाबाईला शब्द न शब्द सांगितलं आणि म्हणाली, "माझ्यावर फार रागावले होते का गं ते?"

"रागावतात कशाला?" जनाबाई म्हणाली. "त्या दिवशी इथंच बसून हसत सांगत होते. माझी सुमेधा देवासाठी बापालासुद्धा सोडत नाही, म्हणाले. शेवटपर्यंत येईल त्याला सांगायचे, ताई."

आईने कप खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावून मोठ्याने रडली. जनाबाई उठून तिच्या शेजारी जाऊन बसली.